मुंबई-लँकेशायर करार आणि लोकमत

व्यापारी करारनामे हे सामान्य वाचकाच्या दृष्टीने अगदी रुक्ष वाङ्मय होय. शेकडा इतकी जकात, अमुक नंबरचे सूत, पौंडामागे इतके आणे, मुदत अमुक सालापर्यंत, असल्या मजकुराने कोणाचे रक्त तापावे असे वरवर पाहणाऱ्यास वाटत नाही. परंतु ते तापते खरे. आणि नेमके कोणत्या कलमावरून तापते हे पाहू गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, ज्या कलमात मोठी रक्कम गुंतलेली असते ते लोक सोडून देतात, आणि जेथे हक्काचा किंवा मानाचा प्रश्न असतो तेथे अडून बसतात. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने त्याच संघाशी २४ डिसेंबर २०२० रोजी व्यापारी करार ठरविला. बाराशेंहून अधिक पानांचा तो दस्तऐवज पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी ३० डिसेंबरला एका दिवसात हातावेगळा केला. मालावर जकात पडणार नाही ही त्यातील सर्वांत मोठी गोष्ट. पण गलबला झाला तो मासळीवरून. ब्रिटिश समुद्रात युरोपीय गलबतांना जो मासेमारीचा वाटा मिळत असे, त्यातील केवळ चौथा हिस्सा, तोही साडेपाच वर्षांत हप्त्याहप्त्याने, ब्रिटनकडे परत यावयाचा होता. मासेमारी म्हणजे त्या देशाच्या उत्पन्नात शेकडा एक अंशदेखील नव्हे. तरी आपणांस विकले गेले असे तेथील कोळ्यांस वाटले. बाळकुम-कोलशेतच्या खाडीकाठी राहणाऱ्या माणसास ही भावना वेगळी समजावून सांगावी लागेल असे आम्हांस वाटत नाही. खाडी कोणाची, हा प्रश्न आणि खाडीत मासळी किती, हा प्रश्न, हे दोन प्रश्न एक नव्हेत.

ज्या ब्रिटनने आपले करार आपण करण्याचा हक्क अशा रीतीने परत मिळविला, त्याने २४ जुलै २०२५ रोजी हिंदुस्थानाशी करारावर सही केली. आपल्या मालापैकी जवळजवळ शेकडा ९९ बाबींवरील जकात तेथे उठावयाची. आपल्याकडे त्यांच्या व्हिस्कीवरील शेकडा १५० ची जकात प्रथम ७५ वर व पुढे दहा वर्षांत ४० वर यावयाची. दुधाचे पदार्थ व सफरचंदे मात्र आपण वगळून ठेविली. येथेही तोच प्रकार घडला. कराराचा मसुदा ठरल्याचे मे महिन्यात जाहीर होताच इंग्लंडातील विरोधी पक्ष तुटून पडले ते जकातींवर नव्हे, तर हिंदुस्थानातून तात्पुरत्या कामासाठी तेथे जाणाऱ्या नोकरांस तीन वर्षे तेथील राष्ट्रीय विम्याची वर्गणी माफ, ह्या कलमावर. आमच्या बाळकुमच्या दृष्टीने मात्र ह्या करारातील महत्त्वाची बाब कापड हीच. बाळकुमवरून जुन्या आग्रा रस्त्याने काशेळीचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर भिवंडीचे यंत्रमाग सुरू होतात. देशी कापडावर ब्रिटनमध्ये शेकडा बारापर्यंत जकात पडत असे आणि बांगलादेशचा माल बिनजकाती जात असे; भिवंडीच्या मागवाल्याची तक्रार होती ती ही.

मुंबई-ठाण्याच्या मागावरचे कापड विलायतेच्या दारात सवलत मागते आहे, हे दृश्य पाहून आम्हांस १९३३ सालच्या एका उलट्या दृश्याचे स्मरण होते. त्या वेळी लँकेशायरचे शिष्टमंडळ मुंबईच्या दारात आले होते, आणि त्यातून जो करार निघाला त्याने देशात केवढा तरी क्षोभ माजविला. मुंबई गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी आणि ब्रिटिश शिष्टमंडळाचे प्रमुख सर विल्यम क्लेअर-लीज ह्यांच्या नावांवरून तो ‘मोदी-लीज करार’ म्हणून ओळखला जातो. आज तो पाठ्यपुस्तकातील एका ओळीपुरता उरला आहे. आमच्या मते त्याची योग्यता ह्याहून मोठी आहे.

त्या क्षोभाचे मूळ समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १८९६ साली सरकारने परदेशी कापडावर शेकडा साडेतीन जकात ठेविली आणि तिच्या तोडीस तोड म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही शेकडा साडेतीन जकात बसविली. स्वतःच्या घरात विणलेल्या कापडावर कर, आणि तो का, तर मँचेस्टरला अडचण होऊ नये म्हणून! एवढे उघडे माप लोकांच्या पदरात ह्यापूर्वी कोणी टाकले नव्हते. टिळकांनी विलायती कापडाविरुद्ध चळवळ उभारली ती त्याच वर्षी. ही जकात अखेर १९२५ च्या डिसेंबरात तहकूब झाली आणि पुढल्या वर्षी रद्द झाली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे ती चालली. तीस वर्षांत मुले बाप होतात. ह्या अवधीत महाराष्ट्राच्या एका पिढीने राजकारणाचा पहिला धडा गिरविला तो कापडावरच. १९०५ सालची पुण्याची होळी, बंगालची चळवळ, पुढे खादी, हे सारे त्याच धाग्याने विणलेले आहे. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडविण्यासाठी बाबू गेनू नावाचा आंबेगाव तालुक्यातील तरुण आडवा पडला आणि चिरडला गेला. तो गिरणीतला मजूर होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

ह्यानंतर पुरती तीन वर्षेही लोटली नाहीत तोच, १९३३ च्या ऑक्टोबरअखेर, गिरणीमालकांच्या संघाने लँकेशायरशी सामोपचाराचा करार केला. लोकांस काय वाटले असेल ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

पण मालकांस तरी असे का करावे वाटले? येथे भावना बाजूस ठेवून आकडे पाहावे लागतात. १९१३-१४ साली ब्रिटनहून हिंदुस्थानात सुमारे तीनशे कोटी यार्ड कापड येत होते. १९३२-३३ मध्ये ते साठ कोटींवर आले, आणि जपानचे कापड जवळजवळ तितकेच भरू लागले. मुंबईच्या गिरण्यांस जपानची धास्ती होती, लँकेशायरची नव्हे. त्यांचे सूत जाडे व मध्यम; जपानचा माल नेमका त्याच जातीचा आणि किमतीने पुष्कळ उतरता. लँकेशायरचे कापड तलम. त्याच्याशी गाठ होती ती अहमदाबादच्या गिरण्यांची. कारण त्या उंची नंबरांच्या सुताकडे वळल्या होत्या. म्हणूनच वाटाघाटींत बसलेल्या अहमदाबादच्या मंडळींनी, कस्तुरभाई लालभाई ह्यांच्या नेतृत्वाखाली, सही करण्याचे नाकारले आणि मुंबईने एकटीने सही केली. त्या वेळच्या पत्रांतून अहमदाबाद राष्ट्रनिष्ठ व मुंबई फितूर असा जो निवाडा झाला, त्यात सत्यांश नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या निष्ठेच्या पाठीशी सुताचा नंबरही होता, हे सांगणे इतिहासकारास प्राप्त आहे.

करारातील कलमे मोजकी होती. देशी धंद्यास ब्रिटिश मालाविरुद्धही वाजवी संरक्षण मिळण्याचा हक्क आहे, हे लँकेशायरने मान्य केले. उलट, इतर परदेशांच्या मालावर जितकी जकात लागते तितकी ब्रिटिश मालावर लागत नाही, हे मुंबईने कबूल केले. सरकारची सांपत्तिक स्थिती सुधारून १९३१ चा जादा अधिभार निघाला, म्हणजे कापडावरील २५ टक्के २० वर आले, तर ब्रिटिश मालाविरुद्ध नवी मागणी करावयाची नाही. सुतावर शेकडा पाच, निदान पौंडास सव्वा आणा. लँकेशायरने हिंदुस्थानचा कापूस अधिक खपवावा व साम्राज्यातील इतर बाजारांत देशी मालास मदत करावी. मुदत १९३५ अखेर. ह्यात लँकेशायरला तेव्हाच्या तेव्हा एक पैदेखील मिळाली नव्हती. जपानी मालावर त्याच वर्षीच्या जूनमध्ये शेकडा ७५ पर्यंत जकात चढविली होती, ती पाहता ब्रिटनला सवलत आधीच मिळत होती. १९३० च्या कायद्याने तिचा पाया घातला होता, आणि १९३२ च्या ओटावा कराराने साम्राज्यातील मालास सवलत हे तत्त्व पुष्कळ वस्तूंस लागू झाले होते.

मग एवढा संताप कशाचा? आमच्या मते तो कलमांचा नव्हता, सहीचा होता. काँग्रेस त्या वेळी कायदेमंडळात नव्हती. पुष्कळ पुढारी तुरुंगात, काही नुकतेच सुटलेले. अशा वेळी मुंबईच्या एका संघाने, ज्यास देशाने मुखत्यारपत्र दिलेले नव्हते त्याने, साऱ्या देशाच्या जकातीविषयी परक्यास शब्द द्यावा, ही गोष्ट लोकांस झोंबली. देशी व्यापारी मंडळांच्या संघानेही तिचा निषेध केला. आणि भीती खरी ठरली. दोन खाजगी संस्थांमधील हा कागद सरकारने उचलला, १९३४ च्या जकातीच्या कायद्यात गोविला, आणि पुढच्या सर्व वाटाघाटींत ‘देशी धंद्याने हे मान्यच केले आहे’ म्हणावयास इंग्लंडला आधार झाला. १९३६ साली साध्या ब्रिटिश कापडावरील जकात २० टक्क्यांवर आली.

लँकेशायरमध्येही संतोष नव्हता. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी डार्वेनकडे गेले असता ज्या बेकार मजुरांनी त्यांचे स्वागत केले, त्यांच्या गिरण्या ह्या कराराने उघडावयाच्या नव्हत्या. लीजसाहेबांनी हात हलवीत परत येण्यापलीकडे काय केले, असा तेथील सवाल होता. पुढे एप्रिल १९३४ मध्ये चर्चिल ह्यांनी पार्लमेंटात आरोप केला की, मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने संयुक्त समितीपुढे मांडावयाची साक्ष भारतमंत्री सर सॅम्युएल होअर आणि लॉर्ड डर्बी ह्यांनी दडपण आणून सौम्य करविली. मुंबईत बोलणी चालू असताना कडक भाषा नको, असे शिष्टमंडळाचे म्हणणे होते, ही त्यातील एक मेख. हक्कभंग झालेला नाही, असा निर्णय समितीने दिला.

ह्या साऱ्या कोलाहलात ज्यांचा आवाज ऐकू आला नाही असे दोन वर्ग होते. पहिला वऱ्हाड-खानदेशचा कापूस पिकविणारा. त्याच्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान. आणि जपानी कापडावर जकात चढताच जपानने आपला कापूस घेणे बंद केले. मुंबईची गिरणी वाचविण्याचा खर्च अशा रीतीने अकोल्याच्या बाजारात वसूल झाला. १९३४ च्या जानेवारीत जपानशी तडजोड होऊन, त्याने वर्षास दहा ते पंधरा लक्ष गाठी घ्याव्या व त्या मानाने साडेबत्तीस ते चाळीस कोटी यार्ड कापड पाठवावे असे ठरले, तेव्हा कोठे त्याचा जीव भांड्यात पडला. दुसरा वर्ग मुंबईचा गिरणीकामगार. संरक्षण हवे म्हणून मालक सरकारच्या दारी जात, आणि घरी येऊन पगार कापीत. एप्रिल १९३४ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला तो ह्या कपातीवरून. मोदी-लीज करारात सुताला पौंडामागे किती आणे हे होते. विणणाऱ्याला दिवसामागे किती हे नव्हते.

१९३४ अखेरच्या निवडणुकीने काँग्रेस कायदेमंडळात परतली आणि लोकमतास तोंड फुटले. जानेवारी १९३५ मध्ये लंडनला झालेला ब्रिटनशी पुरवणी करार मंडळाने नामंजूर केला. ३० मार्च १९३६ रोजी ओटावा करार मोडावा असा ठराव झाला. तो जिना ह्यांच्या उपसूचनेच्या रूपाने झाला, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मार्च १९३९ चा नवा करारही मंडळाने फेटाळला, ज्याच्या वाटाघाटींत आता घनश्यामदास बिर्ला व तेच कस्तुरभाई बिनसरकारी सल्लागार होते. तिन्ही वेळा लोकांचे मत एक आणि सरकारची कृती दुसरी. १९३५ चा करार नामंजुरीनंतरही चालला, १९३९ चा अमलात आला; ओटावाची नोटीस तेवढी दिली गेली, पण सवलती १९३९ पर्यंत कशाबशा चालूच राहिल्या.

होमी मोदी ह्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. फिरोजशहा मेहतांचे चरित्र १९२१ साली लिहिणारा हा गृहस्थ नेमस्त परंपरेतला. वाटाघाटीने जे मिळते ते घ्यावे ह्या मताचा. देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपणांस आहे की नाही, हा प्रश्न त्यांस १९३३ मध्ये पडलेला दिसत नाही, आणि हा त्यांचा दोष आम्ही मोठा समजतो. पुढे १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हाही टीकाकारांस नवल वाटले नाही. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान वाड्यात गांधीजींचे उपोषण चालू असता, त्यांस सोडण्यास सरकार तयार नाही असे दिसताच, मंडळातील तीन सभासदांनी राजीनामे दिले. त्यांपैकी एक वऱ्हाडचे बापूजी अणे, दुसरे बंगालचे नलिनीरंजन सरकार, आणि तिसरे होमी मोदी.