काचघरातला उलटा धंदा

दुर्मीळ झाडं विकण्याचा धंदा मुळातच उलटा आहे. किराणा दुकानदाराने साखर विकली की गिऱ्हाईक ती खाऊन पुन्हा दुकानात येतं. दुर्मीळ रोप विकणारा माणूस मात्र दर रोपागणिक एक स्पर्धक तयार करत असतो. आज ज्याने एक फांदी नेली, तोच दोन वर्षांनी तिच्या चार फांद्या करून निम्म्या भावाने विकायला बसतो. ज्या दुर्मीळपणाचे पैसे मिळतात तो आपल्याच हाताने संपवायचा, अशी ही गंमत आहे.

घराच्या गच्चीवर किंवा परसात शेडनेट बांधून, धुकं सोडणारे फवारे लावून मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, ऑर्किडं वाढवणारी आणि विकणारी बरीच मंडळी हल्ली आपल्याकडेही दिसतात. यांच्यापैकी कुणाशीही पाच मिनिटं बोला, 'भाव पडले हो' हे वाक्य येतंच. ते ऐकलं की मला लंडनजवळच्या हॅकनीतला एक जुना माळी आठवतो. कारण हे दुखणं आजचं नाही.

कॉनराड लॉडिजेस हा मूळचा जर्मन. हॉलंडमध्ये बागकाम शिकला आणि तरुणपणीच हॅकनीतल्या एका डॉक्टरकडे माळी म्हणून नोकरीला लागला. शेजारी योहान बुश नावाच्या दुसऱ्या जर्मन माणसाची छोटी नर्सरी होती. १७७१ च्या सुमारास बुशला रशियाच्या राणी कॅथरीनकडे बागा लावण्याचं काम मिळालं आणि लॉडिजेसने साठवलेल्या पैशांतून त्याची नर्सरी घेतली. १७७७ साली त्याने छापलेली यादी लॅटिन, जर्मन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होती. पगारी माळ्याचा मालक झाला तो असा.

या लॉडिजेसच्या नावावर एक मासलेवाईक गोष्ट आहे. ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम हे जांभळ्या फुलांचं झुडूप ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आणण्याचं श्रेय त्यालाच देतात. तेव्हा ती नवलाची चीज होती, श्रीमंत लोक हौसेने लावत. आज तेच झुडूप तिथल्या जंगलांत इतकं माजलं आहे की ते उपटायला सरकारला पैसे खर्च करावे लागतात. दुर्मीळपणा किती संपू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण कुठलं द्यायचं?

कॉनराडचा मुलगा जॉर्ज याने नर्सरी जगप्रसिद्ध केली. उष्ण प्रदेशातली झाडं थंडीत जगवायची तर रात्रंदिवस ऊब हवी. तोवरची काचघरं शेकोटीच्या धुराड्यांवर तापवत, त्याने हवा कोरडी पडे. लॉडिजेसनी वाफेचे नळ फिरवले, बारीक भोकांच्या नळ्यांतून कृत्रिम पाऊस पाडला, आणि सुमारे ४० फूट उंचीचं ताडघर उभारलं. १८१७ ते १८३३ या काळात त्यांनी आपल्या झाडांच्या चित्रांचे 'बोटॅनिकल कॅबिनेट' नावाचे २० खंड काढले. त्यांत २००० चित्रं आहेत. म्हणायला ग्रंथ, पण एक प्रकारे तो मालाचा कॅटलॉगच!

खरी अडचण माल आणण्याची होती. ब्राझील किंवा कलकत्त्याहून निघालेली रोपं जहाजावरच्या खाऱ्या वाऱ्याने आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने वाटेतच मरत. वीसातली एकोणीस मरतात, असा जॉर्ज लॉडिजेसचा हिशोब होता. एकोणीस मेलेल्यांचा खर्च विसाव्याच्या किमतीत चढवायचा. म्हणजे झाड महाग असायला ते रानात दुर्मीळ असण्याची गरजच नव्हती. महाग होता तो प्रवास!

हे गणित बदललं लंडनच्या गोदीजवळ राहणाऱ्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने. कोळशाच्या काजळीने त्याचे नेचे जगत नसत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून एक नेचा आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. आतली वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. वॉर्डने लॉडिजेसच्या मदतीने काचेच्या बंद पेट्या करून १८३३ साली जहाजाने सिडनीला पाठवल्या. रोपं जिवंत पोचली. मग जॉर्ज लॉडिजेसचा हिशोब उलटला: वीसातली एकोणीस जगू लागली. पुढे १८४५ साली ब्रिटिश सरकारने काचेवरचा कर काढून टाकला आणि डॉक्टर-वकिलांच्या परसातही काचघरं दिसू लागली. १८५२ साली बी. एस. विल्यम्स या माळ्याने ऑर्किड वाढवण्याचं पुस्तक काढलं, त्याआधी त्यातला मजकूर 'लाखो लोकांसाठी ऑर्किडं' अशा अर्थाच्या मथळ्याची लेखमाला म्हणून आला होता. 'लाखो' म्हणजे जरा जास्तच, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतं.

आणि लॉडिजेस? १८४६ साली जॉर्ज गेला. जमीन भाडेपट्ट्याची, शहर अंगावर चालून आलेलं, मुदत संपली. १८५४ साली त्यांचे ताड सिडनमच्या क्रिस्टल पॅलेससाठी विकले गेले आणि हॅकनीच्या त्या जागी घरं झाली. घरचा धंदा जागेवर उभा असतो आणि जागा आपली नसते, हेही जुनंच दुखणं.

पण या सगळ्यात एक बाजू हिशोबात येतच नव्हती, ती म्हणजे झाड ज्या डोंगरावरून आलं तो डोंगर. ती बघायला आपल्याच देशात, खासी टेकड्यांत यावं लागतं. तिथे ओकच्या झाडांवर निळ्या फुलांचं एक ऑर्किड वाढतं, व्हांडा सेरुलिया, म्हणजेच ब्लू व्हांडा. निळं ऑर्किड ही तेव्हाही अपूर्वाईच. १८५० साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर तिथे पोचला. त्याने क्यूच्या सरकारी बागेसाठी सात माणसांची ओझी भरून हे ऑर्किड गोळा केलं. त्यातलं जेमतेम काही इंग्लंडात जिवंत उतरलं. त्याच्याबरोबर एका गृहस्थाने जागा पाहून यायला आपला माळी पाठवला होता. त्या गृहस्थाने एकाच माणसाचं ओझं विलायतेला पाठवलं, तेही मरतुकड्या अवस्थेत पोचलं, तरी ३०० पौंडांना गेलं, एकेक रोप ३ ते १० पौंडांना. हे सगळं हुकरनेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे, आणि चांगला संग्राहक एका मोसमात दोन-तीन हजार पौंड कमवील असा अंदाजही वर दिला आहे. त्या काळच्या लोकांना हा अंदाज वाचून काय सुचलं असेल, ते सांगायला नको.

इतर देशांतही तेच. कोलंबियात ऑर्किडं गोळा करणाऱ्या अल्बर्ट मिलिकनने १८९१ च्या पुस्तकात लिहिलं आहे की दोन महिन्यांत दहा हजार रोपं मिळवण्यासाठी सुमारे चार हजार झाडं तोडली. झाडावर चढण्यापेक्षा झाड पाडणं सोपं! आता वॉर्डची पेटी बघा. तिने रोपं वाचवली हे खरं, पण वाटेतलं मरण थांबलं म्हणून मागणी थांबली नाही. मालाची खात्री वाटू लागल्यावर ती वाढलीच.

मग डोंगर सुटला कशाने? माझ्या मते कायद्याने जितका, तितकाच काचघरात बसून डोकं खाजवणाऱ्या माणसांनी. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात रोपाला पुरेल असं अन्नच नसतं. रानात एक बुरशी त्याला पोसते. त्यामुळे काचघरात बी टाकलं तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नसे, आणि पुन्हा रान ओरबाडायचं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसनने दाखवलं की साखर घातलेल्या अगरच्या जेलीवर बुरशीशिवायही बी रुजतं. १९६० साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेलने शेंड्याच्या इवल्याशा तुकड्यापासून ऑर्किडची हुबेहूब रोपं करण्याची वाट दाखवली. जे टोपलीने रानातून यायचं ते बाटलीतून यायला लागलं.

ब्लू व्हांडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक बंधनांची पाळी आली होती. २००४ साली बँकॉकच्या परिषदेत ती एक पायरी सैल झाली, कारण बाजाराची गरज नर्सरीतल्या रोपांवर आणि संकरांवर भागत होती. भारतात मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातलं ब्लू व्हांडा उपटणं गुन्हाच आहे, आणि ते योग्यच आहे. पण ज्या फुलासाठी डोंगर रिकामे झाले, त्याच्या वंशातली निळी-जांभळी फुलं आज फुलवाल्याकडे मिळतात.

एवढं लांब जायलाही नको. आपल्या खिडकीत दारूच्या रिकाम्या बाटलीत जो मनीप्लांट असतो ना, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८८० साली छापलं गेलं, तेही बेल्जियमच्या लिंडेन नावाच्या नर्सरीवाल्यांच्या नियतकालिकात. नवी, दुर्मीळ झाडं विकणारी ती पेढी. आज त्याची फांदी कोणी विकतही घेत नाही, शेजारणीकडून मागून आणतात.

म्हणून २०२० नंतर जे झालं त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. लोक घरात कोंडले गेले आणि पानांवर पांढरे पट्टे असलेल्या झाडांचं वेड लागलं. या पट्ट्यांत हरितद्रव्य नसतं, त्यामुळे झाड सावकाश वाढतं. असे पट्टे बियांतून भरवशाने उतरत नाहीत, फांद्याच कापाव्या लागतात. न्यूझीलंडमध्ये असं एक चार पानांचं रोप २०२० साली ८१५० तिथल्या डॉलरना गेलं, २०२१ साली नऊ पानांचं एक २७१०० ला. मग प्रयोगशाळांनी अशी झाडं बाटल्यांत वाढवायचं तंत्र बसवलं आणि काही वर्षांतच अनेक जातींचे भाव कोसळले. ज्यांनी कर्ज काढून 'मदर प्लांट' घेतले होते त्यांचं नुकसान खरं आहे, त्याची चेष्टा मला करवत नाही.

तरी वाटतं की घरगुती काचघरवाल्याने दुर्मीळपणा विकायला बसूच नये. तो टिकत नाही, आणि जिथे टिकतो तिथे बहुधा कुणीतरी रानातून ओरबाडत असतं. त्याच्याकडे विकण्यासारखं दुसरंच काही आहे. बाटलीतलं रोप बाहेर काढलं की दोन दिवसांत माना टाकतं. त्याला आठवडेच्या आठवडे ओलाव्यात ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करावी लागते. मुळं धरेपर्यंत रोज बघावं लागतं. हे काम मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा परसातल्या माणसाला बरं जमतं. त्या सहा महिन्यांचे पैसे त्याने जरूर घ्यावेत, आणि आपणही ते न कुरकुरता द्यावेत.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? किमतीच्या आधी एकच विचारायचं: हे रोप वाढवलंय की आणलंय? सरळ उत्तर देणाऱ्याकडून घ्यावं. भाव पडलेला असेल तर त्याच्याशी दोन शब्द सहानुभूतीचे बोलावेत, पण मनात थोडा आनंदही मानावा. आता त्या झाडासाठी कुणाला कुठल्या टेकडीवर ओझेवाले पाठवायची गरज उरलेली नाही.