फटफटीचा चातुर्मास

आमच्या अंधेरीच्या घरात देवघराखालच्या खणात पोथ्यांच्या शेजारी एक तेलकट इंग्रजी पुस्तिका आहे. आईला ती तेथे असणे कधीच मान्य नव्हते. रॉकेलचा वास येणारी वस्तू गुरुचरित्राला चिकटून का, हा तिचा प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहिला. ही पुस्तिका वडिलांच्या जावा मोटरसायकलची. तिच्या शेवटी एक छोटे प्रकरण आहे : हिवाळ्यात गाडी ठेवून द्यायची झाल्यास काय करावे. त्या मथळ्यातल्या ‘हिवाळा’ या शब्दावर वडिलांनी पेन्सिलीने काट मारली आहे आणि वर लिहिले आहे : ‘पावसाळा. आषाढ ते दसरा.’

युरोपातल्या माणसाला ते प्रकरण वाचून नवल वाटणार नाही. तिकडे हिवाळ्यात रस्ते गोठतात, बर्फ वितळावे म्हणून नगरपालिका रस्त्यावर मीठ टाकते, आणि ते मीठ लोखंड खाते. म्हणून थंडी पडू लागली की गाडी धुऊनपुसून कोठारात ठेवायची आणि वसंतात बाहेर काढायची, असा तिकडचा रिवाज. जावा ही मूळची तिकडचीच. १९२९ साली प्रागच्या यानेचेक या कारखानदाराने वांडरर नावाच्या जर्मन गाडीचा आराखडा विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे ती आयात करणारे रुस्तम इराणी हे मुंबईचे. आयातीवर बंधने आल्यावर त्यांनी म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथे या गाड्या बनू लागल्या. त्या पहिल्या गाड्यांपैकी एक आमच्या दारात आली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. तिला मोटरसायकल फक्त वडील म्हणत. साऱ्या आळीच्या लेखी ती फटफटी.

गाडी थंडीच्या देशातली, मालक अंधेरीचा. आमच्या उपनगरात बर्फ कुठला? पण मीठ होते. पश्चिमेला वेसावे-जुहूचा समुद्र, पूर्वेला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत खाडीकाठची मिठागरे. रस्त्यावर टाकायला नगरपालिका नको, वाराच ते आणून टाकीत असे. आणि जून लागला की त्या मिठाला हवे तेवढे पाणी. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली होती खरी, पण आमच्या गल्लीला ही वार्ता बऱ्याच उशिरा कळली असावी. पावसाळ्यात तेथून म्हैस जाई, फटफटी जात नसे.

म्हणून मृगाचे ढग दिसले की वडिलांचे प्रयोग सुरू होत. टाकीतले पेट्रोल काढायचे आणि आत थोडे तेल फिरवायचे, म्हणजे आतून गंज धरत नाही. प्लग काढून त्या भोकातून चार थेंब तेल सोडायचे आणि किक हाताने दोनदा हलकेच दाबायची, म्हणजे ते सिलिंडरच्या भिंतीला लागते. सहा व्होल्टची बॅटरी घरात, कोठीच्या खोलीत. महिन्यातून एकदा ती पिशवीत घालून चार्जिंगच्या दुकानात न्यायची, हे माझे काम. साखळी काढून वितळलेल्या ग्रीसमध्ये बुडवायची. दोन्ही चाके जमिनीपासून सुटतील असे लाकडी ठोकळे खाली द्यायचे. धुराच्या नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा, उंदरांसाठी. आणि सगळ्यावर पांघरूण. पहिल्या वर्षी त्यांनी गोणपाट घातले होते. दसऱ्याला ते काढले तेव्हा हँडलवर तांबूस बुरशी. गोणपाट ओल धरून ठेवते. पुढच्या वर्षीपासून आईचे जुने सुती लुगडे, त्यावर ताडपत्री, आणि खालून वारा खेळेल अशी वीतभर मोकळी जागा. (लुगड्याच्या बाबतीत आईचे म्हणणे काय होते ते लिहीत नाही.)

वडील हे सारे पुस्तिकेवरून करीत, आणि मला कित्येक वर्षे वाटे की ही विद्या विलायती. पुढे इतिहास वाचताना कळले की फटफटी नवी असली तरी तिचा चातुर्मास फार जुना आहे.

आमच्या घरापासून दहा-बारा मैलांवर, बोरिवलीच्या जंगलात, कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. बौद्ध भिक्षू एरवी फिरते. पण पावसाळ्यात त्यांनी एका जागी राहावे असा नियम. त्याला वर्षावास म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांपाशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आणि बसायचे ओटे आजही दिसतात. हा मुक्काम फुकट होत नव्हता. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दाने तेथल्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. नाशिकच्या लेण्यात तर नहपानाचा जावई उषवदात याने हिशेबच कोरून ठेवला आहे : श्रेणीकडे ठेवलेल्या दोन हजार कार्षापणांच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा. म्हणजे पावसात एका जागी बसायचे तर कोणीतरी आधी पैसे ठेवावे लागतात, हे आपल्या लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी नीट कळले होते.

वेसाव्याच्या कोळ्यांचेही तसेच. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून त्यांवर झावळ्यांचे छप्पर करायचे आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा. आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. होडीला मात्र हा कायदा आधीपासून ठाऊक होता.

पण मला सर्वांत आवडतो तो शिवाजीमहाराजांचा कागद. सभासदाच्या बखरीत लष्कराचा रिवाज सांगितला आहे : पावसाळ्यात छावणीस यावे, दसरा होताच मुलुखगिरीला निघावे. छावणीत घोडे कसे सांभाळायचे हे प्रत्यक्ष महाराजांच्याच पत्रातून कळते. १६७३ सालच्या मे महिन्यात त्यांनी चिपळुणाजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिले. त्यात रणांगणाचे नावही नाही. सारे पत्र दाणा-वैरणीचे आहे. पावसाळ्यापुरती म्हणून जी बेगमी केली आहे ती आताच उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी दाणे, गवत, भाजी मागत सुटाल आणि त्या गरिबाला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आणखी बारीक. गवताच्या गंजीशेजारी कोणी चूल पेटवील, कोणी तमाखूला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात पळवील. एक ठिणगी पडली की सगळी वैरण जळेल, आणि मग घोडे कशावर जगवणार?

हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा मोठ्याने हसलो, आणि मग थांबलो. सिंहासनावर बसायला वर्ष उरलेला राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करीत होता. आमच्या वडिलांच्या चिंधीच्या बोळ्याचे मूळ मला तेथे सापडले.

वडिलांच्या फटफटीचा चातुर्मास कार्तिकी एकादशीपर्यंत टिकत नसे. ती दसऱ्यालाच पारणे फेडी. खंडेनवमीला पाना, पकड, प्लगचा ब्रश यांची पूजा. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, हँडलला आपट्याची पाने. मग वडील कार्बोरेटरवरची टिकली दाबून पेट्रोल ओघळू देत आणि किक मारीत. जावाची गंमत अशी की किक आणि गिअर यांना एकच दांडा. तो आत दाबून उभा केला की किक, मारून झाली की पुन्हा गिअर. पहिल्या किकेला काही होत नसे. दुसरीला खोकला. तिसरीला निळ्या धुराचा लोट उठे आणि गल्लीतली सगळी पोरे त्यात उड्या मारीत.

आणि मग हिवाळा. जो काळ पुस्तिकेत गाडी झाकून ठेवायचा, तोच आमच्याकडे ती चालवायचा! आमचे सीमोल्लंघन दूर नसे. फार तर आरे वसाहतीतून पवई आणि तेथून मुलुंड, मावशीकडे. १९६२ सालचा जानेवारी मात्र लक्षात राहिला. त्या महिन्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. मुंबईत एवढी थंडी तेथे ना आधी नोंदली गेली ना नंतर. वडिलांनी सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या घातल्या, मला माकडटोपी चढवली, आणि आम्ही पहाटे निघालो. आरेच्या गवतावर धुके इतके की तबेल्यातल्या म्हशी नुसत्या ऐकू येत. परत येईपर्यंत माझी बोटे वडिलांच्या कोटाच्या खिशात होती आणि वर्तमानपत्राचा कागद दर खड्ड्याला कुरकुरत होता. पुस्तिकेतला हिवाळा आम्हाला एवढाच भेटला.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे.

२००५ सालच्या जूनमध्ये वडील ऐंशीच्या घरात होते. गाडी क्वचितच निघे. म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला होता आणि सुटे भाग जुन्या बाजारात शोधावे लागत. गाडी ठोकळ्यांवर चढव, प्लगमध्ये तेल घाल, ओट्यावर घे, असे त्यांनी मला तीनदा सांगितले. मी तीनदा हो म्हटले. एका म्हाताऱ्या गाडीचे एका म्हाताऱ्या माणसाने मांडलेले सोवळे, असे मला मनात वाटत होते. २६ जुलैला त्याच सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; कुलाब्याला त्याच काळात जेमतेम ७४. आमच्या जिन्याखाली पाणी छातीपर्यंत चढले. दुसऱ्या दिवशी ओसरले तेव्हा जावाच्या टाकीवर चिखलाची रेघ होती.

मी धावत जाऊन किक उभी केली. वरून वडिलांचा आवाज आला, “पाय काढ.” ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. जोर केला की आतली दांडी वाकते आणि चिखल बेअरिंगांत भरतो. प्लग काढा, खालचा बूच काढा, पाणी जाऊ द्या, रॉकेलने धुवा, तेल भरा, आणि मग वाट पाहा. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. इंजिन सारे उघडावे लागले, क्रँकची बेअरिंगे मिळवायला मी पुण्यापर्यंत गेलो, आणि त्या वर्षीचा दसरा गाडीविना गेला. ती सुरू झाली ती डिसेंबरात, अगदी पुस्तिकेतल्या हिवाळ्यात. वडिलांनी त्यानंतर आणखी दोन दसरे पाहिले.

तेव्हापासून मी ठोकळे स्वतः लावतो. एका बाबतीत पेन्सिल मलाही चालवावी लागली आहे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषून घेते, आणि ओल फार झाली की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतो, नेमका तेथे, जेथून तोटी पेट्रोल घेते. तेव्हा ‘पेट्रोल काढले तर बरे’ या पुस्तिकेतल्या वाक्याखाली मी ‘काढलेच पाहिजे’ असे लिहिले आहे.

गेल्या आषाढात मी हा सोहळा करीत असताना आमच्या इमारतीत भाड्याने राहणारा एक तरुण शेजारी उकिडवा बसून पाहत होता. तो मोटरसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवतो. पावसात लोक बाहेर पडत नाहीत म्हणून त्याचे काम पावसातच अधिक. सगळे पाहून झाल्यावर तो म्हणाला, “काका, झकास आहे. पण मी चार महिने गाडी ठेवली तर खायचं काय?”

मला एकदम वैरणीचे पत्र आठवले. भिक्षूंच्या मागे उषवदाताचे व्याज होते, घोड्यांच्या मागे सरकारी बेगमी, आणि आमच्या वडिलांच्या मागे महिन्याचा पगार आणि लोकलचा पास. फटफटी ओट्यावर झोपली तरी ते रोज कोरडे कचेरीत पोहोचत. या पोराच्या मागे कोणती गंजी आहे? मी काही बोललो नाही. उरलेल्या ग्रीसचा डबा आणि ब्रश त्याच्या हाती दिला, रोज रात्री साखळी पुसून कशी माखायची ते दाखवले, आणि ब्रेकचे पाणी सुकवायला निघताना थोडे अंतर ब्रेक हलके दाबून जावे, एवढे सांगितले. जुलैभर रात्री अकराच्या सुमारास जिन्याखाली त्याची विजेरी दिसे.

दसऱ्याला त्याची गाडी आमच्या जावाशेजारी लावली. एका माळेत झेंडू कमी पडले, म्हणून त्याच्या हँडलला नुसती आपट्याची पाने. आमची तिसऱ्या किकेला सुरू झाली. त्याची बटण दाबताच. तो अकरा वाजताच्या पहिल्या ऑर्डरीला निघून गेला, आणि पाने वाटेतच कोठेतरी पडली असणार.