दिनविशेष : ४ सप्टेंबर १८६३ – रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा मृत्यू

नागपूर मुलखात प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळीची पायाभरणी करणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून बोरीकडे परतत असता, पुराने फुगलेल्या नाल्यात आजच्या दिवशी मृत्यू आला. १८१७ साली स्कॉटलंडात जन्मलेले हिस्लॉप १८४५ च्या आरंभी, म्हणजे भोसल्यांचे राज्य खालसा होण्यापूर्वीच, नागपुरास आले. गोंडांमध्ये मिशन स्थापावे हा मूळ संकल्प. परंतु अमरकंटकाजवळ करंजिया येथे गोंडांत वस्ती केलेल्या जर्मन मिशनऱ्यांपैकी बहुतेकांना थोड्याच अवधीत पटकीने ग्रासले होते. हिस्लॉपांचे कार्य मग नागपूर-कामठीच्या टापूत, शाळा आणि मराठी प्रवचने या मार्गाने चालले. मंडळी लहानच राहिली.

केवळ धर्मांतरितांच्या संख्येवरून मात्र या गृहस्थांची योग्यता ठरविणे अन्यायाचे होईल. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे जीवाश्म शोधले. आणि आम्हां अरण्यवासीयांच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट ही, की उपदेशास आलेल्या या पाद्रीसाहेबांनी गोंडांचा भाट असलेल्या परधानाच्या तोंडचे, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचे प्रदीर्घ गीत मूळ गोंडीतच उतरवून घेतले. भामरागडचे आजचे रहिवासी ज्या समाजाचे, त्या माडियांचाही उल्लेख त्यांच्या टिपणांत आहे. ही अपुरी राहिलेली दप्तरे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ त संपादून छापविली. त्यांच्या नावाचे नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे.