तुरटीचे फेरे

गिरगावातील आमच्या बिऱ्हाडी मोरीवरच्या कोनाड्यात सुतळीला बांधलेला तुरटीचा एक खडा टांगलेला असे. आणि मृगाच्या सरींमागोमाग नळाला तांबूस पाणी येऊ लागले, म्हणजे आजी तो खडा हंड्यात मोजून सात फेरे फिरवी व वर पंचा झाकून ठेवी. सकाळी गाळ बुडाशी बसलेला आणि पाणी निवळलेले असे. ‘निवळणे’ या क्रियापदाचे निवळीच्या बियांशी असलेले नाते उघड आहे. सुश्रुताने जलप्रसादनाची जी सात साधने सांगितली, त्यांत कतक म्हणजे हीच निवळी, आणि तिच्याच पंगतीस साधे वस्त्रही आहे. तुरटी मात्र तेथे नाही.

त्या वस्त्राची थोरवी जुन्या मुंबईला फार उशिरा उमगली. १८६० साली विहारचे पाणी येईपर्यंत शहराची तहान वाडीवाडीतल्या विहिरी आणि मुंबादेवी, गोवालिया, धोबीतलाव, सी. पी. टँक अशी तळी भागवीत. आज त्या तळ्यांचे पाणी गेले, नावे तेवढी राहिली. त्या पाण्यात नारू होता. पायाला फोड येऊन त्यातून वीतवीत निघणारा दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढीत बसणे, हे त्या काळच्या कित्येक घरांचे नित्यकर्म होते. या जंताची पिल्ले पाण्यातल्या सूक्ष्म सायक्लॉप्समध्ये वाढतात, हे फेदचेंको या रशियन संशोधकाने १८७० च्या सुमारास दाखविले. पुढे आमच्या परळच्या प्रयोगशाळेत, जी आता हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते, तेथे डॉ. तुरखुड यांनी या रोगाचा अभ्यास केला. स्फटिकासारख्या निवळलेल्या पाण्याचाही येथे भरवसा नव्हता. उपाय होता तो दुहेरी फडक्याने पाणी गाळण्याचा.

विहारमागून तुळशी आणि १८९२ साली तानसा आले, तरी विहिरी सुटल्या नव्हत्या. १९११ मध्ये संशोधक बेंटली यांनी हिवतापाच्या डासांचे माहेर याच विहिरींत दाखविले, नगरपालिकेने त्या बुजविण्याचे वा झाकण्याचे हुकूम काढले आणि अर्जविनंत्यांचा पाऊस पडला. धर्मकृत्याला विहिरीचेच पाणी हवे, ही तक्रार हिंदूंची तशीच पारशांचीही. पालिकेच्या सेवेतील रुस्तम मसानी यांचे विहिरींच्या लोकश्रद्धांवरील १९१८ चे पुस्तक या कज्ज्याचेच अपत्य होय. मला स्वतःला त्या कज्ज्याच्या दफ्तरातील सर्वांत मौल्यवान ऐवज तोच वाटतो.

मुंबईच्या नशिबी तलावांतले पावसाचे पाणी आले, म्हणून फ्लोराइडचा जाच तिला ठाऊक नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या मुलखांत मात्र नारू आणि दुष्काळ यांना चुकविण्यासाठी खोल कूपनलिका खणल्या, आणि कित्येक ठिकाणी खडकातले पाणी स्वच्छ, थंड व चवीला निर्दोष असूनही दात डागळविणारे आणि हाडे ताठरविणारे निघाले. १९३७ साली नेल्लोर भागात या व्याधीची नोंद झाली होती. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वरचे फ्लोराइड डोळ्यास दिसत नाही, उकळून जात नाही, फडक्यात अडकत नाही. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नीरी’ झालेल्या संस्थेने यावर शोधलेली रीत, नांदेडप्रमाणेच एके काळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि तिच्यातले मुख्य द्रव्य पुन्हा तुरटीच!

फरक मापाचा. येथे सात फेऱ्यांचा हिशेब चालत नाही; पाण्यातले फ्लोराइड व क्षारता तपासून तुरटी तोलायची, तिच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका चुना घालायचा, तोटीच्या बादलीत दहा मिनिटे संथ ढवळायचे आणि तासभर हात लावायचा नाही. तुरटीचे भुरे पुंजके फ्लोराइड कवटाळून खाली बसतात. तोटी बादलीच्या बुडापासून तीन-चार बोटे वर बसवितात, ती याचसाठी. आजीही हंड्याच्या बुडातले वाटीभर पाणी कुणाला पिऊ देत नसे, ते तुळशीला जाई. या बादलीतला गाळ मात्र विहिरीपासून आणि गुरांच्या वाटेपासून दूर, खड्ड्यात पुरावा लागतो.