पट्टा आणि पत्रा

१९५९ सालच्या ऑगस्ट महिन्यात, तेरा दिवसांच्या अंतराने, मोटारीच्या इतिहासातल्या दोन गोष्टी घडल्या. १३ ऑगस्टला स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाड इथल्या विक्रेत्याकडे व्होल्वोची एक गाडी पोहोचती झाली. कारखान्यातूनच तीन बिंदूंचे सीटबेल्ट घेऊन आलेली ती पहिली गाडी. २६ ऑगस्टला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ‘मिनी’ लोकांपुढे आणली. तिच्यात पट्टा नव्हता. पट्टा अडकवायला जागाही नव्हती. जुन्या मिनीत पट्टे बसवण्याचा खटाटोप आजही चालतो, तो या तेरा दिवसांचे अंतर भरून काढण्यासाठीच.

मिनीचा कर्ता ॲलेक इसिगोनिस. सुएझच्या पेचप्रसंगानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले आणि थोड्या इंधनात चालणाऱ्या छोट्या गाडीची निकड भासली. इसिगोनिसने इंजिन आडवे बसवले, दहा इंची चाके घेतली आणि दहा फूट लांबीच्या गाडीत सुमारे ऐंशी टक्के जागा माणसांना व सामानाला दिली. चौघांना सामावणाऱ्या या गाडीचे वजन जेमतेम ६०० किलो होते. सुरक्षेविषयीचे त्याचे मत स्पष्ट होते : गाडी वळणावर नीट वळावी, ब्रेक नीट लागावेत, म्हणजे अपघात टाळता येतो. तो टाळणे हे चालकाचे काम.

व्होल्वोच्या निल्स बोलिनची वाट वेगळी होती. तो आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या उडत्या आसनांवर काम करत असे. आघात होणारच, असे गृहीत धरून माणूस कसा वाचवावा, हा त्याचा प्रश्न. कमरेवरून एक आणि छातीवरून एक असे दोन भाग, कमरेच्या बाजूला खाली पक्के बकल आणि एका हाताने लावता येणारा पट्टा, हे त्याचे उत्तर. व्होल्वोने या पेटंटचा वापर इतर उत्पादकांना खुला केला.

ब्रिटनच्या कायद्याला मात्र वेळ लागला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढच्या आसनांना पट्टे बसवणे सक्तीचे झाले. ते लावणे सक्तीचे झाले ३१ जानेवारी १९८३ रोजी. १९६५ पूर्वीच्या गाड्यांना पट्ट्याविना रस्त्यावर येण्याची मुभा आजही आहे. पण अशा गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवता येत नाही. ज्या गाडीला कायद्याने माफ केले, तिच्यावर त्याचा किती विश्वास आहे, ते या एका अटीतून कळते.

मग जुन्या मिनीचा मालक स्वतःच पट्टे बसवायला घेतो. इथे एक हिशेब करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगातला सत्तर किलोंचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवायचा, तर पट्ट्यावर सरासरी सुमारे १,४०० किलो वजनाइतका ताण येतो. म्हणजे दोन मिनी टांगल्याएवढा. पट्टा हा ताण सहज पेलतो. प्रश्न उरतो तो बोल्टच्या मागच्या पत्र्याचा. मिनीला वेगळी चेसिस नाही. घडवलेला पातळ पत्रा हाच तिचा सांगाडा. नुसते भोक पाडून बोल्ट व वॉशर लावला, तर आघातात तो कागदातून टाचणी निघावी तसा निघून येईल. म्हणून मागून जाड पोलादी पट्टी द्यावी लागते. शर्यतींसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तिचे किमान माप ठरलेले आहे : ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्र, तीन मिलिमीटर जाडी. डिकीत डाव्या अंगाला पेट्रोलची टाकी असते, त्यामुळे मागच्या पत्र्यावर ड्रिल धरण्याआधी पलीकडे काय आहे, हे पाहावेच लागते.

मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. तेव्हापासून तिच्या मालकांना शर्यतीच्या चार बिंदूंच्या हार्नेसचा मोह पडत आला आहे. पण खांद्याचे पट्टे आसनामागे सरळ खाली जमिनीला बांधले, तर आघातात ते खांदे खाली ओढतात आणि मणका दाबला जातो. ते मागे जाताना फार तर ४५ अंश उतरावेत, असा नियम आहे. मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल, तर कमरेचा पट्टा पोटावर सरकून आतडी दुखावू शकतो. शिवाय सुरुवातीच्या मिनीची पुढची आसने मागच्या प्रवाशांना वाट देण्यासाठी पुढे कलंडतात, त्यांना खटका नसतो. म्हणजे पट्टा माणसाला धरून ठेवणार आणि आसन मागून ढकलणार. रोजच्या वापराला दारामागच्या खांबावर बसवलेला साधा तीन बिंदूंचा पट्टाच बरा.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट अकराशे आणि पुढे तीच पद्मिनी हौसेने जपणारी घरे महाराष्ट्रात आहेत. आपल्याकडे नव्या मोटारींना पुढचे पट्टे सक्तीचे झाले ते १९९० च्या दशकात. त्याआधीच्या कित्येक गाड्या पट्ट्याविनाच धावल्या. तिथेही पत्र्याचाच सांगाडा आणि आपल्या पावसाळ्यांनी त्याला लावलेला गंज. रंग नवा झाला, तरी पायाखालचा पत्रा जुनाच असतो.

मिनीचे उत्पादन २००० साली थांबले, तोवर ५३ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. अखेरच्या वर्षांतल्या गाड्यांत पट्टे तर होतेच, चालकापुढे एअरबॅगही आली होती. अपघात टाळणे हे चालकाचे काम, असे मानून जन्मलेल्या गाडीनेही शेवटी बोलिनचा प्रश्न आपला मानला. जुनी गाडी जपणाऱ्याला तो आपल्या हाताने सोडवावा लागतो. त्याची सुरुवात पट्टा विकत आणण्यापासून होत नाही. गाडीखाली आडवे होऊन, बोल्ट जिथे बसणार तो पत्रा ठोकून पाहण्यापासून होते.