कार्तिकातला वाडा : दख्खनी मेंढपाळीचा इतिहास

दख्खनच्या पठारावर धनगर मेंढपाळाचे भटकंतीचे वर्ष दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. माणदेश, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, बारामती, पारनेर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. येथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटाखालच्या कोकणात २,५०० मिलिमीटरहून अधिक. मेंढीला ओल सोसत नाही. सतत भिजलेल्या जमिनीवर तिचे खूर कुजतात आणि पोटात जंत वाढतात. म्हणून पावसाळ्याचे चार महिने मेंढरे कोरड्या माळावर राहत. आश्विन सरला की माळावरचे गवत वाळू लागे आणि पाणवठे आटू लागत. त्याच वेळी कोकणात भातकापणी होऊन खाचरे मोकळी होत. वाडा हलवण्याची वेळ याच दोन गोष्टींवरून ठरत असे.

‘वाडा’ म्हणजे एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा तळ. मेंढरे राखणारे प्रामुख्याने हटकर धनगर. डोंगरात म्हशी पाळणारे गवळी धनगर आणि लोकर विणणारे सणगर यांचे व्यवसाय वेगळे होते. मार्ग, मुक्काम आणि शेतकऱ्यांशी बोलणी यांचा निर्णय वाड्यातला जाणता म्होरक्या घेई. काही वाडे वरंध घाटासारख्या वाटांनी कोकणात उतरत, तर काही पूर्वेला भीमा आणि गोदावरीच्या खोऱ्यांकडे वळत. पिढ्यान्‌पिढ्या तीच वाट आणि तीच गावे ठरलेली असत.

निघण्यापूर्वी दोन कामे उरकावी लागत. पहिले काम कातरणीचे. दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि राठ असते. ती वर्षातून दोनदा कातरली जाई, त्यांतली एक कातरणी पावसाळ्यानंतरची. कोकरांची पहिली मऊ लोकर, म्हणजे जावळ, वेगळी ठेवत. मेंढरांमागे चालताना माणसे टकळीवर सूत काढत, सणगर ते खड्डामागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी कडक करत. हीच घोंगडी हिवाळ्यात अंथरूण-पांघरूण आणि पावसात खोळ होई.

दुसरे काम देवाचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा याच दिवसांत भरते. भंडारा आणि लोकर उधळली जाते आणि पाऊस-पिकांची भाकणूक ऐकायला दूरदूरचे धनगर जमतात. दिवाळीच्या पाडव्याला वाड्यात लेंड्यांची पूजा होते, दूध उतू घालतात. कोल्हापूर-सांगली भागात मेंढरांना बकरी म्हणतात. तेथे ती सजवून पळवतात आणि या प्रथेला ‘बकरी बुजवणे’ असे नाव आहे. ढोलाच्या तालावर गजीनृत्य होते, सुंबरानाच्या ओव्यांतून बिरोबाची, म्हणजेच बिरदेवाची, कथा सांगितली जाते. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी जेजुरीच्या खंडोबाची, आणि खंडोबाची धाकटी पत्नी बाणाई ही धनगराची लेक. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी या मौखिक परंपरेचा अभ्यास करून १९७६ मध्ये बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी पंढरीच्या विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचा देव असल्याचे प्रतिपादन केले. मराठी मुलखाच्या दैवतांचा इतिहास मेंढपाळांना वगळून लिहिता येत नाही, हे या दोघांच्या कामातून स्पष्ट झाले.

वाटेवरचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होई. बायका भाकऱ्या भाजत, पाल उतरवत आणि भांडी, धान्य, घोंगड्या घोड्यांवर लादत. मग त्या घोडी घेऊन वाटेने पुढच्या मुक्कामाला निघत, तर पुरुष मेंढरे चारत माळांवरून जात. दव वाळेपर्यंत मेंढरे चरायला सोडत नसत. ओल्या चाऱ्याने ती आजारी पडतात, हा अनुभव होता. मुक्कामावर पाणी, सरपण, चूल, पाल ही सगळी उभारणी बायकांच्या हातची. दूध, लोकर किंवा एखादे जनावर विकून मीठ-मिरची घ्यायची, तर तो व्यवहारही बहुधा त्याच सांभाळत.

याच दिवसांत वेताचा हंगाम येई. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. पावसाळ्यात गाभण राहिलेल्या मेंढ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला वितात. चालू न शकणारी कोकरे घोड्यावरच्या सामानात बसवून नेत आणि मुक्कामाला डालग्याखाली झाकून ठेवत. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कोकरू त्याच्या आईला लावायचे, नाकारलेल्या कोकराला दुसरीचे दूध पाजायचे, हे काम घरातली मुलेही करत. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरीचे जाळे, लावत आणि कुत्री राखणीला असत. दख्खनच्या माळावरचा लांडगा कोकरांवर टपलेला असे, म्हणून माणसेही आळीपाळीने जागत.

वाघरीच्या आत मेंढरे बसली की वाड्याची खरी कमाई सुरू होई. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत हे उत्तम खत. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेई, दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरके आणि काही दिवसांत सारे शेत खतावून निघे. मोबदला धान्यात मिळे: कोकणात भात, देशावर ज्वारी-बाजरी. शेतकऱ्याला खत, मेंढराला धसकटे आणि चारा, मेंढपाळाला पोटापुरते धान्य, असा हा सौदा होता. कोरडे पठार आणि ओले कोकण त्याने एका अर्थव्यवस्थेत बांधले होते.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का इंग्रजी अमलात बसला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि पूर्वीच्या चराईच्या जागी मनाई, परवाने व दंड आले. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पुढे कालव्यांखाली ऊस वाढला, तसा बारामती परिसरातला माळ आणि पड जमीन आटत गेली. स्वातंत्र्यानंतर रासायनिक खत गावोगाव पोचले, तेव्हा मेंढरे बसवण्याची निकड कमी झाली. गिरणीच्या ब्लँकेटांपुढे काळ्या लोकरीचा भाव पडला आणि कातरणीचा खर्चही निघेना. उत्पन्नाचा भार मांसावर आला. जत तालुक्यातली उंच माडग्याळ मेंढी त्यामुळे पसरली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ हा वाण तयार केला.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. आजही दिवाळीनंतर घाटांत वाडे दिसतात, मात्र त्यांची वाट डांबरी रस्ते, तारेची कुंपणे आणि बागायतींमधून जाते. धान्याच्या जागी रोख पैसे आले आहेत आणि मुले शाळेसाठी गावी ठेवावी लागतात. शेतीतली सेंद्रिय खताची उणीव आता पुन्हा जाणवू लागली आहे. मेंढपाळाचा हा जुना सौदा त्या उणिवेवर आजही उपयोगी आहे. तो टिकायचा असेल तर चराईच्या वाटा आणि पाणवठे राखणे हे शेतकरी, ग्रामपंचायत आणि वनखाते या तिघांचे काम आहे.