दाणा आणि बेदाणा

इतिहास म्हटला, की लोकांना किल्ले, तोफा आणि तहाच्या तारखा आठवतात. मला लाडू आठवतो. तोही बुंदीचा किंवा बेसनाचा नव्हे. शेंगदाण्याचा, आणि मधोमध एकच बेदाणा असलेला.

निमित्त झालं डॉक्टरांचं. माझ्या पोटाकडे नुसतं पाहूनच त्यांनी फर्मान काढलं, "चार वाजताची भजी बंद. मूठभर सुकामेवा खात जा." बाजारात बदामाचा भाव विचारला, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची का म्हणतात ते मला कळलं. रिकाम्या हातानं घरी आलो, तर ही म्हणते, "सोलापुरात राहून बदाम कशाला शोधायचे? डबाभर शेंगा आहेत की घरात!"

खरं आहे. कडक भाकरी आणि उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी यांच्याशिवाय सोलापूरकर ही कल्पनाच करवत नाही. पण या शेंगेचं मूळ शोधायला जावं, तर ती निघते थेट दक्षिण अमेरिकेतली! पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती जगभर फिरली. चटणीतली मिरचीही तिची गाववालीच. म्हणजे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं, तेव्हा या गावात ना शेंगा होत्या ना मिरची. त्या खोदणाऱ्या मंडळींनी भाकरीशी काय खाल्लं असेल, या काळजीनं मला कधीकधी झोप येत नाही.

बरं, शेंगदाणा हा मेव्याच्या जातीतलाच नव्हे. तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला. फूल जमिनीवर फुलतं, मग आऱ्या मातीत घुसतात आणि संसार भुईखाली थाटतात. म्हणून तो भुईमूग. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि बदामात २१. एवढं असूनही बदाम काचेच्या बरणीत आणि शेंगदाणा पत्र्याच्या डब्यात! जगाचा न्याय म्हणतात तो हाच.

आता बेदाणा. फारसीत 'बे' म्हणजे विना, म्हणून बेदाणा म्हणजे ज्यात बी नाही तो. आमच्या सोलापुरात 'बे' म्हणजे 'अरे लेका'. त्यामुळे लहानपणी मला वाटे, की "का बे दाण्या?" असं त्याला कुणीतरी प्रेमानं हाक मारली असावी आणि तेच नाव चिकटलं असावं.

त्या काळी बेदाणा आमच्याकडे अफगाणिस्तानचा म्हणून यायचा, आणि पाहुण्यासारखाच वागवला जायचा. वडील गिरणीत होते. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी निघाली, तेव्हापासून गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. रात्रपाळीच्या डब्यात आई भाकरी, चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू देई. लाडवाला बेदाणा एकच. मोजून. सकाळचा भोंगा झाला, की वडील यायचे आणि डब्यातून अर्धा लाडू काढून मला द्यायचे. "पोट भरलं होतं रे." गंमत म्हणजे बेदाणा नेमका त्याच अर्ध्यात असायचा. वडिलांना बेदाणे आवडत नाहीत, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

पुढं बेदाणा आमच्या दारात आला, तोही जगाला वळसा घालून. मध्यपूर्वेतलं एक जुनं बिनबियांचं द्राक्ष १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थानं लावलं. ते 'थॉम्पसन सीडलेस' होऊन महाराष्ट्रात उतरलं. आमच्याजवळच्या नान्नजचे शेतकरी नानासाहेब काळे यांनी त्यातून लांबट मण्याचा एक वाण निवडला. त्याचं नाव 'सोनाका': सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळ्यांचा का! साहेबाच्या नावावरून निघालेली गाडी शेवटी नान्नजच्या थांब्यावर आली, याचा मला कोण अभिमान!

असो. लाडवाची कृती सोपी. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजा, सालं काढा, खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये फार फिरवलंत तर लाडवाऐवजी लेप तयार होईल. वाटीभर बिनबियांचा खजूर, मूठभर भाजलेले तीळ आणि धुऊन कोरडे केलेले बेदाणे घालून वळा. धुवायचे कारण द्राक्षं सुकवण्याआधी औषधाच्या पाण्यात बुडवतात. तूप नको, साखर नको. शेंगांचं तेलच पुरतं. मात्र "घरचाच तर आहे" म्हणून चार खाऊ नका. बेदाण्यात आणि खजुरात निम्म्याहून अधिक साखरच असते, आणि ती घरची म्हणून रक्तात गेल्यावर नातं पाळत नाही.

काल हिनं पहिला घाणा वळला. एका लाडवात बेदाणे किती ते मोजायची गरज आता उरलेली नाही. तरी सवयीनं मी लाडू फोडला, बेदाणे कुठल्या बाजूला जास्त आहेत ते पाहिलं आणि तो अर्धा नातवापुढं धरला.

"तुम्हाला नको, आजोबा?"

"छे रे! मला बेदाणे आवडत नाहीत."

त्याला ते खरं वाटलं. मलाही वाटलं होतं.